गुन्हेगारीशास्त्र शिकायचं आहे? विदर्भातल्या गावातून निघणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

बारावीचा निकाल लागला की दारव्हा, दिग्रस, पुसदकडची पोरं-पोरी विचारायला लागतात, "ताई, क्रिमिनॉलॉजी करायचं हाय, कुठं असते ते?" मी बीए तालुक्याच्या कॉलेजात केलं, समाजशास्त्र घेऊन. पुढे बाहेर जाऊन गुन्हेगारीशास्त्रात एमए केलं. त्या काळात जी माहिती वेगवेगळ्या माणसांना आणि खिडक्यांवर विचारून गोळा करावी लागली, ती इथे एका जागी लिहिते आहे. ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कुणी विद्यापीठापर्यंत चाललं आहे, त्यांनी हे सावकाश वाचावं. आई-बाबांनाही वाचून दाखवावं.

१. आधी ठरवा, तुम्हाला शास्त्र हवं आहे की वर्दी

विषयाचं नाव काढलं की गावात पहिला प्रश्न येतो, "मंग पोलिसातच जाशीन ना?" याचं उत्तर स्वतःपाशी स्पष्ट असू द्या. पोलीस शिपाई भरतीला बारावी पास लागते. एमपीएससीतून पोलीस उपनिरीक्षक व्हायला कुठलीही पदवी चालते. गुन्हेगारीशास्त्र केलं म्हणून या दोन्हीकडे एकही गुण जास्त मिळत नाही. वर्दीच हवी असेल तर जमेल ती पदवी घ्या, पहाटे ग्राउंडवर जा आणि वेळ स्पर्धा परीक्षेला द्या. तो सरळ आणि चांगला रस्ता आहे. त्यासाठी हा विषय घेण्याची गरज नाही.

हा विषय वेगळे प्रश्न विचारतो. गुन्हा का घडतो? एखाद्या कृत्याला गुन्हा कोण ठरवतं? शिक्षेने माणूस बदलतो का? ज्याच्यावर गुन्हा झाला, त्याचं पुढे काय होतं? यात समाजशास्त्र असतं, मानसशास्त्र असतं, कायदा असतो आणि आकडेमोडही असते.

आपल्याकडचीच उदाहरणं घ्या. चोरबीटी, म्हणजे सरकारी मान्यता नसलेलं कपाशीचं बियाणं, बेकायदेशीर आहे हे माहीत असून शेतकरी ते का पेरतो, आणि कारवाई झालीच तर पेरणाऱ्यावर होते की विकणाऱ्यावर? गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी आली की दारू थांबते, की तिचा रस्ता बदलतो? अवैध सावकारीविरुद्ध २०१४ चा कायदा आहे, तरी तक्रार करायला लोक का कचरतात? फासेपारधी समाजाचं पाहा. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या विमुक्त झाल्या. तरी आजही आसपास चोरी झाली की संशय आधी बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, का जातो?

असले प्रश्न तुम्हाला झोपू देत नसतील, तर हा विषय तुमचा आहे. शहरातल्या मुलाला जे अहवालांतून शिकावं लागतं, त्यातलं बरंच तुम्ही पारावर आणि आठवडी बाजारात ऐकत वाढलेले असता. वर्गात गेल्यावर या गोष्टीची किंमत कळते, म्हणून ती कमी समजू नका.

२. तीन वाटा ओळखा

इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. 'क्रिमिनॉलॉजी' म्हणून मुलं ज्याच्याबद्दल विचारतात, त्या प्रत्यक्षात तीन वेगळ्या वाटा असतात.

पहिली प्रयोगशाळेची, म्हणजे फॉरेन्सिकची. रक्त, डीएनए, विष, बोटांचे ठसे, हस्ताक्षर हे सगळं इथे येतं. यासाठी बारावी विज्ञान शाखेतूनच हवी. नागपुरात शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, ती मुलं फॉरेन्सिक इन्स्टिट्यूट म्हणूनच ओळखतात. या क्षेत्राला सध्या मागणी वाढते आहे आणि त्याला कारण आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यातल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं आवश्यक केलं आहे. राज्यांना ही व्यवस्था उभी करायला पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे.

दुसरी समाजशास्त्र आणि समाजकार्याची. खरं गुन्हेगारीशास्त्र मुख्यतः इथे शिकवलं जातं. कैदी, त्यांची घरं, कायद्याशी संघर्ष झालेली बालकं, पीडित महिला, तुरुंगातून सुटल्यानंतरचं आयुष्य यांच्यासोबत काम असतं. बारावी कुठल्याही शाखेतून चालते.

तिसरी कायद्याची. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबी करायचा आणि फौजदारी कायद्यात पुढे जायचं. राज्याची विधी सीईटी मराठीतूनही देता येते, हे आपल्याकडच्या मुलांना बऱ्याचदा माहीतच नसतं. नागपूरजवळ महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. तिथे मात्र क्लॅट ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची वेगळी प्रवेश परीक्षा लागते आणि ती इंग्रजीत असते.

सापळा: बारावी कला शाखेतून झालेल्या मुलांना काही खासगी क्लास 'क्रिमिनॉलॉजी अँड फॉरेन्सिक'चं सहा महिन्यांचं प्रमाणपत्र विकतात आणि लॅबमध्ये नोकरी लागेल असं सांगतात. सरकारी प्रयोगशाळेच्या वैज्ञानिक पदांना विज्ञानाची पदवीच मागतात. त्या प्रमाणपत्राने ते दार उघडत नाही. सोयाबीन विकून भरलेली फी अशी गेलेली मी पाहिली आहे.

३. पदवी जवळ करा, पदव्युत्तरला बाहेर पडा

हा माझा ठाम सल्ला आहे. बारावीनंतर लगेच लांबच्या खासगी विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्राच्या पदवीला लाखभर रुपये घालू नका. आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कॉलेजात समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा समाजकार्य घेऊन पदवी करा. अमरावती, नागपूर किंवा गोंडवाना, विद्यापीठ कुठलंही असो, पाया तयार होतो आणि खर्च आवाक्यात राहतो. मानसशास्त्र मिळत असेल तर ते सोडू नका. संख्याशास्त्राचा एखादा पेपर घेता आला तर घ्याच. पुढे संशोधन पद्धती शिकताना त्याचा फार आधार होतो.

या तीन-चार वर्षांत इंग्रजी वाचायची सवय लावून घ्या. पदव्युत्तर वर्ग बहुतेक ठिकाणी इंग्रजीत चालतात. मराठी माध्यमातून गेलेल्याला पहिलं सत्र जड जातं, दुसऱ्यात वाट सापडते. रोज एक इंग्रजी बातमी, गुन्ह्याची नव्हे तर कोर्टाच्या निकालाची, वहीत मराठीत मांडून पाहा. भाषा आणि विषय दोन्ही सोबत येतात.

पदव्युत्तरसाठी जाणकार लोक सहसा ज्या संस्थांची नावं घेतात, त्या अशा:

टाटा सामाजिक विज्ञान संस्था, मुंबई. १९३६ ची संस्था. इथे समाजकार्याच्या एमएमध्ये 'गुन्हेगारीशास्त्र आणि न्याय' हे विशेषीकरण आहे. कैद्यांसोबत काम करणारा 'प्रयास' हा प्रकल्प याच संस्थेने १९९० मध्ये सुरू केला. तुम्हाला माणसांत काम करायचं असेल तर माझी पहिली पसंती हीच.

डॉ. हरिसिंग गौर विद्यापीठ, सागर. १९५९ पासून इथे गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायवैद्यक शास्त्राचा, म्हणजे फॉरेन्सिकचा, विभाग आहे, देशातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. केंद्रीय विद्यापीठ असल्याने फी कमी आहे. नागपूरहून भोपाळ-बीनामार्गे रेल्वेने जाता येतं. आजूबाजूला हिंदी असल्याने आपल्या मुलांना फार परकं वाटत नाही. ज्यांच्या नावाने हे विद्यापीठ आहे, ते गौर नागपूर विद्यापीठाचेही कुलगुरू होते.

राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आणि राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ, दोन्ही गांधीनगरची. दिल्लीतली १९७२ पासूनची राष्ट्रीय गुन्हेगारीशास्त्र संस्था आता पहिल्या विद्यापीठाचाच भाग आहे. शुल्क पारंपरिक विद्यापीठापेक्षा जास्त, म्हणून आधी पूर्ण दोन वर्षांचा हिशेब मांडा. मद्रास विद्यापीठ आणि धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ इथेही स्वतंत्र विभाग आहेत.

घर सोडणं शक्यच नसेल तर इग्नूची फौजदारी न्याय या विषयातली पदव्युत्तर पदविका आहे. नागपुरात इग्नूचं प्रादेशिक केंद्र आहे. शेती किंवा नोकरी सांभाळून करणाऱ्यांसाठी ती बरी, पण तिला दोन वर्षांच्या एमएची जागा देऊ नका.

४. संस्था पारखून घ्या

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी असते आणि बनावट विद्यापीठांचीही असते. त्या बनावट यादीत नागपूरचंही नाव आलेलं आहे. 'शहरात आहे म्हणजे खरंच असेल' असं धरून चालू नका. विभागात फोन करून तीन गोष्टी विचारा. पूर्णवेळ शिक्षक किती? क्षेत्रकार्य कुठे आणि आठवड्यातून किती दिवस? मागच्या तुकडीतली मुलं आज कुठे काम करतात? तिसऱ्या प्रश्नाला गोल उत्तर आलं तर सावध व्हा.

अमरावती-नागपुरात प्रवेशाच्या दिवसांत एजंट फिरतात. वर सांगितलेल्या कुठल्याही सार्वजनिक संस्थेत एजंटमार्फत प्रवेश होत नाही.

५. कागदपत्रं: बारावीच्या वर्षीच जमवायला लागा

- दहावी आणि बारावीची गुणपत्रिका, दहावीचं प्रमाणपत्र
- शाळा सोडल्याचा दाखला. त्याच्या दोन-तीन साक्षांकित प्रती
- आधार कार्ड आणि शैक्षणिक क्रेडिट खात्याचा क्रमांक
- वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र
- तहसीलदारांचं उत्पन्न प्रमाणपत्र
- जात प्रमाणपत्र, लागू असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रीमिलेअर
- खुल्या प्रवर्गातल्या कमी उत्पन्न गटासाठी ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र
- पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका
- विद्यापीठ बदलताना स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे मायग्रेशन
- मध्ये वर्ष गेलं असेल तर खंडाचं प्रतिज्ञापत्र
- स्वतःच्या नावाचं बँक खातं, आधारशी जोडलेलं

यातल्या काही गोष्टींवर थांबून बोलायला हवं, कारण हातात आलेली जागा यांच्यामुळेच जाते.

नाव. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. आधारवर क्रम उलटा असतो, कधी वडिलांचं नावच नसतं, कधी इंग्रजी स्पेलिंग वेगळं पडलेलं असतं. केंद्रीय परीक्षांचे अर्ज दहावीच्या नोंदीप्रमाणे भरायचे असतात. अर्ज सुरू होण्याआधी आधार दुरुस्त करून घ्या. ऐनवेळी आधार केंद्रावर रांग असते आणि बदल व्हायलाही दिवस लागतात.

केंद्रीय नमुना. केंद्रीय विद्यापीठांत ओबीसीसाठी राज्याचं नेहमीचं नॉन-क्रीमिलेअर चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. ईडब्ल्यूएसचेही राज्यासाठी आणि केंद्रासाठी असे दोन वेगळे नमुने आहेत. सेतू केंद्रात स्पष्ट सांगा, "केंद्र शासनाच्या नमुन्यात पाहिजे." न सांगितलं तर राज्याचा निघतो. तारीखही पाहा. ईडब्ल्यूएस चालू आर्थिक वर्षाचं, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेलं मागतात. विमुक्त आणि भटक्या जमातींतल्या मुलांनी आपली जात केंद्राच्या यादीत कुठे आहे ते आधी तपासावं. बंजारा समाज राज्यात विमुक्त जातींत आहे आणि केंद्राच्या यादीत ओबीसींमध्ये. अर्जात चुकीचा रकाना भरला की पुढे कुणी ऐकून घेत नाही.

मूळ कागद. कुठल्याही कॉलेजाला तुमचे मूळ दाखले ठेवून घेण्याचा अधिकार नाही. तपासून लगेच परत करायचे, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. नम्रपणे, पण ठामपणे परत मागा.

६. अर्ज आणि परीक्षा

केंद्रीय विद्यापीठांत पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा आहे. ती मराठीसह तेरा भाषांत देता येते. पदव्युत्तरसाठी वेगळी सीयूईटी-पीजी आहे. तिचे अर्ज साधारण हिवाळ्यात सुटतात, म्हणजे तुरीची सोंगणी सुरू व्हायच्या सुमारास, आणि परीक्षा बहुधा मार्चमध्ये होते. आपली मुलं पदवीचा निकाल लागल्यावर, जून-जुलैत, चौकशीला निघतात. तोवर ते वर्ष गेलेलं असतं. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज करायचा असतो आणि तसा तो करता येतो. या पायरीवर जितकी मुलं गळतात, तितकी परीक्षेतही गळत नसतील.

टाटा संस्थेसाठी आधी सीयूईटी-पीजी आणि मग संस्थेचा स्वतःचा दुसरा टप्पा असतो. गांधीनगरच्या दोन्ही विद्यापीठांचे अर्ज त्यांच्या त्यांच्या संकेतस्थळावर वेगळे भरावे लागतात. कुठल्या अभ्यासक्रमाला कुठला पेपर लागतो हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहूनच निवडा. मित्राचा मागच्या वर्षीचा अर्ज समोर ठेवून भरू नका.

अर्ज सायबर कॅफेत भरत असाल तर मोबाइल क्रमांक आणि ई-मेल तुमचाच द्या. दुकानदाराने सोयीसाठी स्वतःचा टाकला की पासवर्ड, प्रवेशपत्र, निकाल सगळं त्याच्याकडे जातं.

मुलाखतीत 'हा विषय का?' हे विचारतातच. 'समाजसेवा करायची आहे' हे उत्तर त्यांनी हजारदा ऐकलेलं असतं. तुमच्या भागातला एक प्रश्न घेऊन जा आणि त्याबद्दल तुम्ही स्वतः काय पाहिलं ते सांगा.

७. पैसा आणि राहणं

राज्यात शिकत असाल तर महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, अर्ज करा. भारत सरकार शिष्यवृत्ती आणि राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना तिथेच आहेत. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम् आणि इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. राज्याबाहेर जाणार असाल तर जिल्ह्याच्या समाजकल्याण किंवा आदिवासी प्रकल्प कार्यालयात प्रवेशाआधीच जाऊन कोणती योजना लागू पडते ते लेखी विचारून घ्या.

बँक खात्याला आधार जोडलेलं असणं आणि सरकारी पैसा त्याच खात्यात येण्यासाठी सीडिंग झालेलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत 'डीबीटीसाठी सीडिंग झालं का' असंच विचारा. जनधनचं जुनं खातं जोडलेलं राहिल्याने पैसा भलत्याच खात्यात गेल्याची तक्रार दरवर्षी ऐकू येते.

८. घरच्यांना कसं सांगाल

मुलींसाठी ही पायरी परीक्षेपेक्षा कठीण असते. 'तुरुंगात जायचं, गुन्हेगारांशी बोलायचं' एवढंच घरी ऐकू येतं. म्हणून काम काय असतं ते नावानिशी सांगा. जिल्हा बाल संरक्षण कक्षात विधी तथा परिवीक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, असतो. महिला व बालविकास विभागात परिवीक्षा अधिकारी आणि संरक्षण अधिकारी असतात. पीडित महिलांसाठीच्या सखी केंद्रात आणि पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये समुपदेशक असतात. कैद्यांना कायदेशीर मदत करणाऱ्या संस्थांत सामाजिक कार्यकर्ते असतात. नेट परीक्षेतही गुन्हेगारीशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, म्हणजे प्राध्यापकीचा रस्ताही आहे. एखादी परिवीक्षा अधिकारी ओळखीतली निघाली तर आई-बाबांची तिच्याशी भेट घालून द्या. माझ्या घरी अशाच एका भेटीने काम झालं.

पण खरं तेच सांगा. बाल संरक्षण कक्षातली बरीच पदं कंत्राटी आहेत. संस्थांमध्ये सुरुवातीचा पगार शिक्षकाच्या पगाराच्या जवळपासही नसतो. भरतीची जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नाही. पहिली दोन-तीन वर्षं ओढाताण होते, हे घरी आधीच माहीत असलेलं बरं.

९. प्रवेशाआधी करायचा अभ्यास

तालुक्याच्या कोर्टात जाऊन बसा. न्यायालय सर्वांसाठी खुलं असतं, बंद दालनात चालणारी प्रकरणं सोडून. मागच्या बाकावर शांत बसायचं, मोबाइल बंद. तारीख म्हणजे काय, साक्षीदार का फितूर होतो, खेड्यातून आलेली बाई किती वेळ ताटकळते, हे चार-पाच सकाळींत कळतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल मोफत मिळतात. शेतकरी आत्महत्यांचे देशपातळीवरचे जे आकडे पेपरात येतात, ते याच विभागाचे. वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा: एका प्रकरणात अनेक गुन्हे असले तरी मोजताना त्यातला सगळ्यात गंभीर तेवढा धरतात. आणि जो गुन्हा ठाण्यात नोंदलाच गेला नाही, तो या आकड्यांत नसतोच. तुमच्या गावातल्या किती गोष्टी 'आपसात मिटवल्या' जातात, आठवून पाहा.

आणि मथुरा प्रकरण वाचा. १९७२ मध्ये देसाईगंजच्या, म्हणजे वडशाच्या, पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष ठरवलं. १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. गडचिरोलीच्या एका ठाण्यातल्या घटनेने देशाचा कायदा बदलला, ही गोष्ट विदर्भातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला नीट माहीत असली पाहिजे.

१०. वर्ग सुरू झाल्यावर

क्षेत्रकार्य अंगावर घेऊन करा. तुरुंगात जायचं तर परवानगी संस्थेमार्फत कारागृह विभागाकडून घ्यावी लागते. ओळखीच्या शिपायामार्फत आत जायचा प्रयत्न करू नका. सुट्टीत गावी येणार असाल तर अमरावती किंवा नागपूरचं मध्यवर्ती कारागृह, मोर्शीचं खुलं कारागृह, जिल्ह्याचं बाल न्याय मंडळ अशा ठिकाणी क्षेत्रकार्य मिळतं का ते विभागाला वेळेत विचारा. परवानगीला महिने लागतात.

वहीत पीडितेचं किंवा बालकाचं खरं नाव लिहू नका, फोटो काढू नका, गावच्या ग्रुपवर तर काहीच टाकू नका. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची आणि अशा प्रकरणांतल्या बालकाची ओळख उघड करणं हा स्वतःच गुन्हा आहे. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. नाव गाळलं तरी 'अमक्या वाडीतली, तमक्याच्या घरामागची' एवढ्यावरून माणूस कळतो, म्हणून गाव, जात आणि नातंही बदलून लिहा. प्रबंधासाठी आपलाच तालुका निवडणार असाल तर मार्गदर्शकांशी याबद्दल पहिल्याच बैठकीत बोला. कुणाची मुलाखत घ्यायची आणि कुणाची नाही, याची यादी गावात पाऊल ठेवण्याआधी ठरलेली असू द्या.